कारागीरमुद्रा
कारागीरमुद्रा : हातघडणीची सुरी, विळा, कोयता, कात्री इ. धारेच्या हत्यारांवर ती घडविणाऱ्याने आपली ओळख म्हणून उमटविलेली खूण. अक्षर, आद्याक्षरे, आकृती किंवा त्यांचे संयोजन असे तिचे रूप असते. सुरीच्या बाबतीत या खुणेला विशेष महत्त्व आहे. पोलादाची प्रत व पाणी देण्यातील कसब ही विकत घेताना डोळ्यांना दिसत नाहीत. ती वापरातूनच कळतात. त्यामुळे खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकाला खुणेवर विसंबावे लागते आणि हत्यार चांगले निघो वा वाईट, तिच्याच आधारे त्याला पुन्हा त्या कारागिराकडे जाता येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : यूरोपातील सुरीकारांच्या संघांनी अशा खुणांची नोंद ठेवण्याची पद्धत पूर्वीच सुरू केली होती. इंग्लंडमधील शेफील्ड परिसरातील सुरीकारांचा संघ १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला व सभासदांच्या मुद्रांची नोंद हे त्याचे एक प्रमुख काम होते. जर्मनीतील सोलिंगेन येथे पेटर हेंकेल्स याने १७३१ मध्ये नोंदविलेली जुळ्यांची आकृती आजही वापरात आहे. जपानमध्ये तलवारकार आपले नाव पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागावर कोरीत असल्याने मूठ काढल्यावरच ते दिसते.

खूण लोकप्रिय झाली की तिची नक्कल होते, हाही इतिहासाचा धडा आहे. इटलीतील जेनोआशी निगडित असलेली, दातेरी चंद्रकोरींसारखी दिसणारी खूण जर्मनी, कॉकेशस व भारत येथील पात्यांवरही आढळते. मराठ्यांच्या वापरातील ‘फिरंगी’ तलवारींना यूरोपीय पाती बसविलेली असत. अशा पात्यांना मागणी असल्याने त्यांवरील खुणांचे अनुकरण येथील कारागिरांनीही केले. इराणमधील असद उल्लाह इस्फहानी या कारागिराचे नाव तर इतक्या भिन्न काळांतील पात्यांवर सापडते की, ते एका व्यक्तीची सही न राहता उत्तम पात्याचे केवळ विशेषण बनले. ज्या खुणेचे रक्षण होत नाही, तिचा अर्थ असा हळूहळू नाहीसा होतो.

खानदेशातील परिस्थिती : बलुतेदारी व्यवस्थेत गावच्या लोहाराला मुद्रेची गरज नव्हती. विळा कोणी घडविला हे गावाला ठाऊक असे, बोथट झाल्यावर तो त्याच्याच भात्यापाशी परत येई आणि कामाचा मोबदला सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळे. घिसाडी व गाडीलोहार हे फिरते कारागीरही गिऱ्हाइकासमोरच हत्यार घडवून देत. हत्यार आठवडे बाजारात किंवा दुकानात तयार मिळू लागल्यावर घडविणारा व वापरणारा यांची गाठ पडेनाशी झाली. सावदा (ता. रावेर, जि. जळगाव) हे केळीच्या पट्ट्यातील व्यापारी गाव आहे. केळीच्या बागेत पाने व पिले काढण्यापासून घड उतरविण्यापर्यंत धारेच्या हत्याराची गरज सतत लागते. अशा ठिकाणी एकसारख्या दिसणाऱ्या, पण प्रतीने भिन्न असलेल्या हत्यारांतून चांगले ओळखण्याचे साधन म्हणजे मुद्रा होय.

मुद्रेची निवड : चांगली मुद्रा साधी, वेगळी व टिकाऊ असावी लागते. कागदावर सुंदर दिसणारी आकृती पोलादावर उमटेलच असे नाही. देवनागरी अक्षर निवडताना जोडाक्षरे, लहान बंद पोकळ्या व अनुस्वाराची टिंबे टाळणे इष्ट. ४ ते ८ मिमी. उंचीच्या ठशात त्या जागा बुजतात. ‘ग’, ‘ल’, ‘स’ यांसारखी मोकळी अक्षरे अधिक स्पष्ट उमटतात. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी अक्षराला पान किंवा चंद्रकोर अशा ओळखीच्या बाह्यरेषेची जोड देता येते. त्रिशूळ, सूर्य इ. सर्वपरिचित चिन्हे अनेकजण वापरीत असल्याने एकट्याने ती वेगळेपण देऊ शकत नाहीत. ठसा कायम करण्यापूर्वी तो शिशाच्या पत्र्यावर उमटवून, हातभर अंतरावरून आणि मळ लागल्यावरही ओळखता येतो की नाही, हे पाहावे.

मुद्रेची जागाही महत्त्वाची असते. धारेजवळची खूण वारंवार धार लावल्याने झिजून जाते. म्हणून पात्याच्या पाठीजवळ किंवा पाते व मूठ यांमधील धार नसलेल्या भागावर ती उमटवितात. केळीच्या चिकातील टॅनिनवर्गीय द्रव्यांचा लोखंडाशी संयोग होऊन पाते काळे पडते व ते घासून स्वच्छ करावे लागते. त्यामुळे अशा हत्यारावर वरवरच्या रेखनापेक्षा खोल ठसा अधिक काळ टिकतो.

उमटविण्याच्या पद्धती : कठीण पोलादाच्या दांड्याच्या टोकावर मुद्रा उलटी कोरून, त्याला पाणी देऊन व नंतर सु. २२०° ते २५०° से. तापमानापर्यंत पुन्हा तापवून ठसा तयार करतात. पाते तांबडेलाल असताना ठसा टेकवून घणाचा एकच नेमका घाव घालतात. दुसऱ्या घावाने प्रतिमा दुहेरी होते. हे काम पात्याला पाणी देण्यापूर्वीच करावे लागते. ठशाचे कोपरे तीक्ष्ण असल्यास तेथे ताण एकवटून पाणी देताना पात्याला तडा जाण्याचा संभव असतो. म्हणून ते किंचित गोलसर ठेवतात. तयार पात्यावर मेणाचा थर देऊन, त्यात आकृती कोरून फेरिक क्लोराइडाने किंवा मिठाचे पाणी व कमी दाबाचा विद्युत् प्रवाह यांच्या साहाय्याने रेखन करता येते. लेसर किरणांनीही खूण करतात. या पद्धतींनी रेषा नाजूक येते, मात्र खोली सामान्यतः कमी असते.

कायदेशीर बाजू : भारतात व्यापारचिन्हांची नोंदणी १९९९ च्या कायद्यानुसार होते, तो १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. हातहत्यारे व सुऱ्याकात्र्या आठव्या वर्गात येतात. नोंदणी दहा वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. केवळ मूलस्थान दर्शविणारे नाव सामान्यतः नोंदविता येत नसल्याने ‘सावदा’ एवढाच शब्द एका कारागिराला आपल्यापुरता राखून ठेवणे अवघड आहे. त्याला स्वतःच्या खुणेची जोड हवी. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराविषयीच्या कायद्याने छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव वा चित्र परवानगीशिवाय व्यापारचिन्ह म्हणून वापरता येत नाही. नोंदणी नसलेल्या खुणेलाही पूर्वीच्या वापराच्या आधारे काही संरक्षण मिळते; त्यासाठी पावत्या, तारखेसह छायाचित्रे इ. पुरावा जपून ठेवावा लागतो.

संपूर्ण परिसराच्या मालासाठी भौगोलिक निर्देशांकाची तरतूद निराळी आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये तो मिळाला. मेरठच्या कात्र्यांनाही तो मिळालेला आहे. जर्मनीत ‘सोलिंगेन’ हे नाव १९३८ च्या कायद्याने त्या भागातील मालासाठी राखून ठेवण्यात आले. मात्र असे सामूहिक नाव परिसराची प्रतिष्ठा जपते, व्यक्तीची नव्हे.

व्यापारचिन्ह विक्रेत्याचेही असू शकते. कारागीर व्यापाऱ्याच्या मागणीनुसार त्याच्याच नावाची खूण घालून माल घडवू लागला, तर कामाची ख्याती व्यापाऱ्याकडे जमा होते आणि व्यापाऱ्याने दुसरीकडून माल घेण्याचे ठरविल्यास कारागिराजवळ ओळख उरत नाही. त्यामुळे व्यापाऱ्याच्या खुणेबरोबरच आपली लहानशी मुद्रा, निदान मुठीत जाणाऱ्या भागावर तरी, राखण्याची अट आरंभीच ठरवून घेणे कारागिराच्या हिताचे ठरते.