राजाचे घर की पावाचे घर? ब्रुसेल्समधला एक दिवस

मुलाचे बिऱ्हाड बेल्जियममधल्या ल्यूव्हेन गावी. तिथून रेल्वेने अर्ध्या तासात राजधानी ब्रुसेल्स. दहा वर्षांच्या नातवाला घेऊन एक दिवस निघालो.

स्टेशनाबाहेर पडताच लक्ष गेले पाट्यांकडे. प्रत्येक रस्त्याचे नाव दोनदा, फ्रेंचमध्ये आणि डचमध्ये. दोन्ही इथल्या अधिकृत भाषा. नातवाला याचे नवल नव्हते. त्याची आजी मराठी, आईकडची अज्जी कन्नड.

थोडे चालले की 'ग्रां प्लास' हा भव्य चौक लागतो. १६९५ साली चौदाव्या लुईच्या फ्रेंच सैन्याने तोफा डागून तो उद्ध्वस्त केला. नगरभवनाचा ९६ मीटर उंच मनोरा मात्र वाचला. पुढे बेकर, नावाडी, बिअर बनवणारे अशा व्यावसायिकांच्या संघांनी अवघ्या काही वर्षांत आपल्या वास्तू पुन्हा उभारल्या. १९९८ पासून हा चौक जागतिक वारसा आहे.

नगरभवनासमोरच्या इमारतीला फ्रेंच लोक 'राजाचे घर' म्हणतात, डच भाषक 'पावाचे घर'. पूर्वी तिथे पावाचा बाजार भरे, नंतर राज्यकर्त्यांच्या कचेऱ्या आल्या.

"आजोबा, मग खरं नाव कोणतं?"

"तू आजीकडे भाकरी मागतोस, अज्जीकडे रोट्टी. खरी कोणती?"

तो हसला.

आता तिथे शहराचे संग्रहालय आहे. शू करणाऱ्या बालकाचा जगप्रसिद्ध पुतळा मुळात १६१९ सालचा. अस्सल मूर्ती या संग्रहालयात आहे, रस्त्यावरच्या कारंज्यात तिची प्रतिकृती. उंची दोन फूटसुद्धा नाही, पण पोशाख हजारावर!

दुपारी मेट्रोने 'अ‍ॅटोमियम' गाठले. १९५८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेली, नऊ गोलांची, १०२ मीटर उंच वास्तू. लोखंडाच्या स्फटिकाची रचनाच अब्जावधी पटींनी मोठी करून दाखवलेली.

परतताना मुलाने सांगितलेली गोष्ट आठवली. भाषेच्या वादातून १९६८ साली ल्यूव्हेनचे जुने विद्यापीठ दुभंगले. ग्रंथालयातली पुस्तकेही सम-विषम क्रमांकांनी वाटून घेतली गेली. सीमाभागातल्या माणसाला हे ऐकून चुटपुट लागते.

घरी येताच नातवाने धारवाडला फोन लावला आणि अज्जीला पावाच्या घराची गोष्ट कन्नडमध्ये सांगितली. मग फोन माझ्या हाती देत म्हणाला, "आजोबा, राजाचं तुम्ही सांगा."