सोळा तासांचा हिशेब

गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. चंद्रपूर-गडचिरोलीतली महाविद्यालये त्याच्याकडे आली. विद्यापीठ नवे झाले, पण ‘आठवड्याला सोळाच तास शिकवायचे, मग ताण कसला?’ हा प्राध्यापकांवरचा आक्षेप जुनाच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाचे अध्यापन १६ तासांचे, पण एकूण काम किमान ४० तासांचे आहे. बाकीच्यात तयारी, संशोधन, नॅक मूल्यांकनाच्या फायली. चाचण्यांचे गठ्ठे तर घरी, जेवणाच्या टेबलावरच सुटतात. अर्थात ही झाली कायम नोकरीतल्यांची तक्रार. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचे असमाधान वेळापत्रकातून नव्हे, नेमणुकीतून येते. त्यावर ताणमुक्तीची शिबिरे काय करणार? त्यांना मोबदला घेतलेल्या तासांपुरताच. मे महिन्यात वेळच वेळ, पैसे नाहीत.