राइड तुटली नव्हती, तरी जीव गेला! मग चूक कुणाची?

सुट्ट्या लागल्या की रील्समध्ये दोन प्रकारचे व्हिडिओ हमखास दिसतात. एकात कुणीतरी पार्कमधल्या राइडवर किंचाळतंय, दुसऱ्यात त्याच राइडवर अपघात झालाय. दुसऱ्याखालच्या कमेंट्सही ठरलेल्या. अर्धे म्हणतात, पार्कवाल्यांना आत टाका. उरलेले म्हणतात, लोकांनाच अक्कल नाही.

पण जबाबदारी नेमकी कुणाची, हे समजून घ्यायचं तर अमेरिकेतल्या दोन घटना बघायला हव्यात. दोन्हींत यंत्र मोडलं नव्हतं.

पहिली घटना फ्लोरिडातल्या ऑरलँडोची, २४ मार्च २०२२ ची. ‘ऑरलँडो फ्रीफॉल’ हा १३१ मीटर उंच ड्रॉप टॉवर सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. खांद्यावरून खाली येणारं हार्नेस एवढाच आधार, सीटबेल्ट नव्हताच. मॅन्युअलमध्ये वजनाची मर्यादा होती १३० किलो. त्या दिवशी बसलेल्या १४ वर्षांच्या मुलाचं वजन होतं सुमारे १७३ किलो. त्याला कुणी अडवलं नाही.

झालं असं की, हार्नेस पुरेसं खाली आलं नसेल तर सेन्सर राइड सुरूच होऊ देत नाही. पण सरकारी चौकशीत कळलं, की दोन सीटचे सेन्सर हाताने बदलून ठेवले होते. त्यामुळे हार्नेस आणि सीटमध्ये नेहमीपेक्षा जास्त फट असूनही ‘सगळं ठीक’ असा दिवा लागला. टॉवर खाली येताना चुंबकीय ब्रेक लागले. अशा वेळी सीटचा वेग कमी होतो, पण शरीर त्याच वेगाने खाली जाऊ पाहतं. मुलगा त्या फटीतून निसटला. सीटबेल्ट बसवायला एका सीटमागे फक्त २२ डॉलर लागले असते, असं कुटुंबाच्या वकिलांनी नंतर सांगितलं.

दुसरी घटना कोलोरॅडोची, सप्टेंबर २०२१ ची. इथे सीटबेल्ट होते, पण ६ वर्षांची मुलगी त्या बेल्टवरच बसली होती. ते तिच्या मांडीवरून गेलेच नव्हते. यंत्रणेने गडबड असल्याचा इशारा दिला. ऑपरेटरनी नीट न तपासता तो रिसेट केला आणि राइड सोडली. सुमारे ३३ मीटर खोल उडी होती ती. मुलगी वाचली नाही.

आता सांगा, या दोघांनी काय चूक केली? आपण कुठे बसलोय आणि बेल्ट कुठे आहे, हे ६ वर्षांच्या मुलीने तपासायचं का?

तरीही पाहुण्याच्या हातात काहीच नसतं, असंही नाही. सगळ्यात आधी उंचीची पट्टी. ‘साहेब, दोनच इंच कमी आहे, सोडा ना’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक रांगेत ऐकू येतं. पट्टीचा संबंध हिमतीशी नाही, शरीराच्या मापाशी आहे. मूल लहान असेल तर ते बारखालून सरकतं. शरीर मोठं असेल तर बार कमरेपर्यंत पोचत नाही. नियम दोन्ही बाजूंनी आहे आणि तो मोडायची विनंती करणारे बहुतेक वेळा आईबाबाच असतात.

दुसरं, लॉक लागल्यावर तो स्वतः ओढून बघा. हलला, फट वाटली, बेल्ट सापडला नाही, तर हात वर करून ओरडा. मागच्यांनी शिट्ट्या मारल्या तर मारू देत. तिसरं, केस आणि ओढणी. २०१८ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला गो-कार्टमध्ये केस अडकून एका तरुणीचा मृत्यू झाला होता. मोबाइल खिशात नाही, लॉकरमध्ये. रीलसाठी तर नाहीच नाही, कारण उंचावरून निसटलेला फोन खालच्या माणसाच्या डोक्यात बसतो.

पण १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरियात लोलकासारखी झुलणारी राइड चालू असतानाच तुटून खाली आली. किमान दोघांचा मृत्यू झाला, कितीतरी जखमी झाले. त्यात बसलेल्यांनी सगळे नियम पाळले असते तरी काय फरक पडला असता? लोखंडाला गेलेला तडा तिकीट काढणाऱ्याला दिसत नाही. तो शोधणं हे चालवणाऱ्याचं आणि परवाना देणाऱ्याचं काम.

मग गेटवरच्या ‘स्वतःच्या जबाबदारीवर बसावे’ या पाटीचं काय? पाटी लावली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. तिकीट घेतलं की तुम्ही ग्राहक, त्यामुळे भरपाईसाठी ग्राहक आयोगात जाता येतं. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

ऑरलँडोचा टॉवर २०२३ मध्ये उतरवला गेला. त्याच वर्षी फ्लोरिडाने कायदा करून १०० फुटांहून उंच अशा राइड्सना हार्नेससोबत सीटबेल्टसारखा दुसरा आधार सक्तीचा केला. आपल्या जत्रेतल्या आकाशपाळण्यात मात्र अनेकदा एकच साखळी किंवा दांडा असतो, आणि तो लावायला येणारा पोरगाच कधीकधी पंधरा-सोळा वर्षांचा दिसतो. तिथे सेन्सर नसतो. पाळणा हलण्याआधी ती कडी लागलीय का, हे बघायला तुमचाच हात असतो.