विमानाला विहिरीचा तळ दिसेल का?

बालमित्रांनो, बीड जिल्ह्यात एखादी नवी विहीर खणली जात असेल तर मोठ्या माणसाचा हात धरून जरूर डोकावून बघा. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा कातळ. मध्येच गेरूसारखा लाल पट्टाही दिसेल. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पुन्हा पुन्हा पसरला. दोन थरांमधल्या निवांत काळात झिजून झालेली माती म्हणजे तो लाल पट्टा! बालाघाटचे डोंगर याच बेसाल्टचे. अंबाजोगाईचा हत्तीखाना कोरलाय तोही यातच.

आता समजा, इथं युरेनियम शोधायचं आहे. आपल्या देशात हे काम हैदराबादचं अणुखनिज संचालनालय करतं. त्याची एक पद्धत म्हणजे आकाशातून पाहणी. जमिनीपासून शंभरेक मीटरवर विमान किंवा हेलिकॉप्टर नांगराच्या तासांसारख्या सरळ रेषांत फिरतं. आत सोडियम आयोडाइडचे मोठाले स्फटिक असतात. युरेनियमचं विघटन होताना तयार होणाऱ्या बिस्मथ-२१४ मधून गॅमा किरण निघतात. ते स्फटिकावर आदळले की इवलासा प्रकाश चमकतो आणि यंत्र तो मोजतं. या पाहणीत विमान स्वतः कुठलेही किरण सोडत नाही, बरं का! तेव्हा 'पिकं करपतील' ही भीती नको.

पण खरी गोम पुढंच आहे. जमिनीतले गॅमा किरण वर येतात ते जेमतेम हातभर खोलीवरूनच. शिवाय बेसाल्टमध्ये युरेनियम फारच थोडं, साधारण दहा लाख भागांत एक भागसुद्धा नाही. ग्रॅनाइटमध्ये तीन-चार भाग. म्हणजे विमानाला इथं दिसणार ते फक्त लाव्ह्याचं पांघरूण.

पांघरुणाखाली काय? शेजारच्या लातूर जिल्ह्यात १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला. नंतर तिथं शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटर बेसाल्ट संपल्यावर थोडा गाळाचा थर आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन खडक लागला! कर्नाटकात यादगीर जिल्ह्यातल्या गोगीला तर अशाच जुन्या ग्रॅनाइटमध्ये आणि त्यावरच्या चुनखडकात, जिथं जमिनीला मोठी भेग आहे तिथं, युरेनियम सापडलंय. म्हणून बीडखालीही असेलच असं मुळीच नाही हं.

खोलवरची चाहूल घ्यायला हेलिकॉप्टरखाली भलंमोठं कडं टांगतात. त्यातून विद्युतचुंबकीय लहरी सोडून कोणत्या थरातून वीज सहज वाहते ते बघतात. असं कडं दिसलं की गावात 'खाण आली, जमिनी जाणार' अशी कुजबुज सुरू होते. पण या लहरींना युरेनियम ओळखता येत नाही; फक्त भेगा नि थर कळतात. खात्री करायची तर छिद्र घेऊन खालचा दगडच वर काढावा लागतो.