मुंबई पाहावी पायी, जाणावी पंगतीत

मुंबईस चार दिवसांसाठी येणारा पाहुणा गेटवे, राणीची बाग आणि चौपाटी पाहून परततो व ‘मुंबई पाहिली’ असे समाधान मानतो. वस्तुतः या शहराचा खरा परिचय त्याच्या स्मारकांपेक्षा त्याच्या भुकेतून होतो. कोणत्या माणसांनी हे शहर चालविले आणि ती काय खाऊन जगली, हे ज्यास कळले त्यासच मुंबई कळली.

अशा दर्शनास फार पैसा लागत नाही. एक सकाळ आणि दोन पाय पुरेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून निघावे. काही मिनिटांतच १८६९ सालची महात्मा जोतिबा फुले मंडई लागते. तिच्या प्रवेशद्वारावरील कष्टकऱ्यांची शिल्पे पाहावयास बहुतेकांना सवड नसते. तेथून धोबी तलावास यावे. मेट्रो चित्रपटगृहासमोर १९०४ पासून चालू असलेले कयानी हे इराण्याचे हॉटेल आहे. बन-मस्का आणि चहा घेऊन येथे कारकून, विद्यार्थी व वकील शेजारी-शेजारी बसतात. अनोळखी माणसाबरोबर एका टेबलावर बसण्याचा संस्कार मुंबईस या हॉटेलांनी दिला, हे त्यांचे सामाजिक ऋण होय. पुढे गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. खोताच्या वाडीतील लाकडी सज्जांची घरे पाहून वाळकेश्वरी बाणगंगेच्या पायऱ्यांवर विसावावे. दुपारी माटुंग्यास जाता आले, तर रामा नायकांच्या १९४२ सालच्या उडुपी भोजनगृहात केळीच्या पानावर जेवावे.

गिरणगावची अन्नपूर्णा

मात्र मुंबईच्या अन्नाचा सर्वांत मोठा अध्याय लालबाग-परळचा. कुटुंब गावी ठेवून आलेल्या हजारो गिरणी कामगारांस चाळींतील स्त्रियांनी महिन्याच्या हिशेबाने जेवू घातले. या खानावळवाल्या सावकाराच्या पाशात अडकल्या, तेव्हा प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून त्यांना बँकांचे कर्ज मिळवून दिले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले, आणि गिरण्यांबरोबर खानावळींच्या चुलीही विझू लागल्या. आज त्या जागी काचेचे मनोरे आहेत. तेथे खाण्याची रेलचेल आहे. पण मनोऱ्याची राखण करणाऱ्या रखवालदाराला परवडेल असे ताट त्यात क्वचितच सापडते.

येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. १९९५ च्या वारसा नियमावलीने अनेक जुन्या वास्तूंना संरक्षण दिले. परंतु नियम दगडाला वाचवितो, चुलीला नव्हे. इमारतीचा दर्शनी भाग जसाच्या तसा राहतो आणि आतील इराणी मात्र निघून जातो. जुन्या भाड्याच्या आधारावर स्वस्त दर टिकविणाऱ्या या दुकानांना पुनर्विकासानंतर त्याच गल्लीत परवडणारी जागा मिळावी, ही मागणी केवळ स्मरणरंजन म्हणून झटकून टाकता येणार नाही. मालकांच्या अडचणीही खऱ्या आहेत: जुन्या इमारती मोडकळीस आल्या आहेत आणि पुढच्या पिढीला हा व्यवसाय नकोसा वाटतो. म्हणूनच केवळ हळहळ व्यक्त करून भागणार नाही. महापालिकेच्या धोरणात त्यास स्थान हवे.

तोवर नागरिकांच्या हाती एक साधा उपाय आहे. शिक्षकांनी सहलीचा एक दिवस या गल्ल्यांसाठी ठेवावा आणि पाहुण्यास मॉलऐवजी खानावळीत न्यावे. गिऱ्हाईक असेल, तरच चूल पेटती राहील. सामान्य माणसाला पोटभर व सन्मानाने जेवता येते, तोपर्यंतच शहर सर्वांचे असते.