थ्री-नॉट-थ्रीचं आरसी बुक कसं वाचायचं?

बारामती-इंदापूरकडे सेकंडहँड ट्रॅक्टर किंवा बुलेट घेताना आपण आधी काय करतो? चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघतो. रंग कितीही चकाचक असू दे. जुन्या लष्करी रायफलचंही तसंच असतं, फक्त तिचं आरसी बुक तिच्या लोखंडावरच ठोकलेलं असतं.

आज आपण ली-एनफिल्डबद्दल बोलतोय, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री. २६/११ला सीएसटी स्टेशनवर पोलिसांच्या हातात होती तीच. एनसीसी केलेल्यांनी तर ती खांद्यावर घेऊन परेडही केली असेल.

सुरुवात उजव्या बाजूने करायची. लाकडी दस्ता जिथे लोखंडात बसतो, त्या पट्टीवर वरून खाली वाचत या. मुकुट, त्याखाली 'जीआरआय', मग 'इशापूर', वर्ष आणि मॉडेल असेल, तर रायफल कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्यातली, इंग्रजांच्या काळातली. जीआरआय म्हणजे सम्राट जॉर्ज. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. पुढे 'आरएफआय', म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. 'बीएसए' दिसलं तर बर्मिंगहॅम, 'लिथगो' दिसलं तर ऑस्ट्रेलिया. 'मार्क ३'पुढे चांदणी असेल, तर ती पहिल्या महायुद्धातली काटकसर आहे. उत्पादन पटकन व्हावं म्हणून काही भाग गाळले, त्याची ती खूण.

आता खरी मजा. पट्टीवर १९१७ आहे म्हणून अख्खी रायफल १९१७ची असेल असं नाही. या रायफली पन्नास-साठ वर्षं वापरात राहिल्या. नळी झिजली की नवी, लाकूड तडकलं की नवं. नळीवर तिचं स्वतःचं वर्ष वेगळं ठोकलेलं असतं. 'एफटीआर' आणि पुढे साल दिसलं, तर कारखान्यात पूर्ण खोलून दुरुस्त झालेली. मॅगझिनच्या जरा पुढे लाकडातून आडवा स्क्रू गेलेला दिसला, तर ती भारतात दिलेली मजबुती. बाहेरचे संग्राहक त्याला चक्क 'इशापूर स्क्रू' म्हणतात.

सिरियल नंबर मुख्य सांगाड्यावर, नळीवर, बोल्टच्या दांडीमागे, पुढच्या लोखंडी टोपीवर आणि मागच्या साइटच्या पट्टीखाली असतो. सगळे जुळले तर उत्तम. लाकूड किंवा टोपी नाही जुळली, तर किंमत कमी होईल, बाकी काही नाही. पण बोल्ट नाही जुळला तर थांबा. बोल्ट त्या-त्या रायफलला बसवलेला असतो. दुसरीचा घातला तर बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांत जास्त फट राहू शकते. गोळी सुटताना काडतूस बुडाशी फाटतं आणि गरम वायू थेट तोंडावर. ही फट डोळ्यांनी कळत नाही, आर्मोररला गेज लावूनच बघावी लागते. 'डीपी' ठोकलेली रायफल तर फक्त कवायतीची, ती झाडायचीच नाही.

एक गैरसमज मी फार ऐकतो. १९६२च्या युद्धानंतर इशापूरने ७.६२ मिलिमीटरची '२ए' आणि मग '२ए१' काढली. लोक म्हणतात, जुन्या .३०३चीच नळी बदलली. नाही! जास्त दाब सोसणारं पोलाद वापरून ती नव्याने बनवली होती. ओळख सोपी आहे: मॅगझिन चौकोनी, आणि २ए१च्या मागच्या साइटवर आकडे २०००ऐवजी ८००पर्यंतच.

काडतूसही बोलतं बरं का. बुडावर 'केएफ' असेल तर ते आपल्या पुण्याच्या खडकी कारखान्यातलं.

आणि नकली? खैबर खिंडीकडे हाताने घडवलेल्या नकला प्रसिद्ध आहेत. तिथले कारागीर शिक्केही हातानेच कोरायचे, त्यामुळे अक्षरं उलटी, स्पेलिंग चुकीचं. सगळ्यात भारी म्हणजे 'व्हीआर', राणी व्हिक्टोरियाचा शिक्का, आणि खाली १९०७सारखं साल. राणी वारली १९०१मध्ये!

आता गंभीर मुद्दा. .३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य माणसाला मिळत नाही. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ८प्रमाणे बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा खूण खोडणं, बदलणं हा गुन्हा आहे. त्यामुळे जुन्या वाड्याच्या माळ्यावर असं काही सापडलं, तर पॉलिश पेपर घेऊन गंज घासत बसू नका. नंबर पुसला गेला तर उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतील. बोल्ट ओढूनही बघू नका, आत काडतूस असू शकतं. आहे तिथेच ठेवा आणि पोलीस ठाण्यात कळवा.