दुर्बिणीची सैल बैठक: स्क्रू का सुटतो आणि पुन्हा कसा बसवावा

यंत्रघटक या विषयात आपण स्क्रूच्या जोडणीचे सूत्र पाठ करतो, पण ते कुठे कामाला येते हे चटकन दिसत नाही. या पाठात एकच उदाहरण पाहू: शिकारी रायफलीवरच्या दुर्बिणीचे सैल झालेले माउंट. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली आपल्याकडे छंदाची शिकार बंद झाली. आता अशी दुर्बीण मुख्यतः लक्ष्यवेधाच्या सरावात दिसते. जोडणीचे शास्त्र मात्र तेच आहे.

1. बैठक हलली की नेम गेला

कुंभकोणमपासून सुमारे 40 किलोमीटरवर तंजावरचे बृहदीश्वर मंदिर आहे. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मोठा मराठी शिलालेख तिथेच आहे. 1808 मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी सर्वेक्षणासाठी आपले सुमारे अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट या मंदिरावर चढवायला घेतले. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि कोन मोजण्याचे वर्तुळ वाकले. दुर्बीण कितीही उत्तम असली तरी ती ज्यावर बसते तेच बिघडले, तर मोजमाप व्यर्थ.

रायफलीचेही तसेच. दुर्बिणीच्या दोन रिंगांमधले अंतर 100 मिलिमीटर आहे आणि एक रिंग आडवी फक्त 0.1 मिलिमीटर सरकली असे समजा. कोन झाला 0.1 भागिले 100, म्हणजे 1 मिलिरेडियन. 100 मीटरवर ही चूक 10 सेंटिमीटर होते. डोळ्याला न दिसणारी हालचाल लक्ष्यावर वीतभर नसली तरी चार बोटांहून मोठी दिसते.

2. धक्का किती मोठा?

गोळी 10 ग्रॅम, तिचा वेग सेकंदाला 800 मीटर, रायफल 4 किलो. संवेग अक्षय्यतेने रायफल सेकंदाला 2 मीटर वेगाने मागे येते (बारुदाच्या वायूचा वाटा येथे सोडला आहे). हा वेग सुमारे 1 मिलिसेकंदात येतो, म्हणून सरासरी त्वरण 2000 मीटर प्रति सेकंद वर्ग. अर्धा किलोच्या दुर्बिणीला सोबत ओढून नेण्यासाठी माउंटला 1000 न्यूटन बल द्यावे लागते. क्षणिक कमाल बल याहून जास्त असते.

3. हे बल कोण पेलते?

पुष्कळांना वाटते, स्क्रूचा दांडा पेलतो. प्रत्यक्षात पेलते ते दोन पृष्ठभागांमधले घर्षण, आणि घर्षण टिकते स्क्रूच्या ताणावर. आवळलेला स्क्रू म्हणजे ताणलेली स्प्रिंग. या आधीच भरून ठेवलेल्या ताणाला प्रीलोड म्हणतात.

टॉर्क = K × प्रीलोड × व्यास

एम-4 स्क्रू, टॉर्क 2 न्यूटन-मीटर आणि K = 0.2 घेतल्यास प्रीलोड 2500 न्यूटन. चार स्क्रूंचा मिळून 10,000 न्यूटन. घर्षणांक 0.15 धरला तर पकड 1500 न्यूटन. वरचे 1000 न्यूटन त्यात बसतात. पण प्रीलोड निम्म्यावर आला तर पकड 750 न्यूटनच उरते आणि माउंट सरकते. एकदा आडवे सरकणे सुरू झाले की आट्यांतले घर्षण मोडते आणि स्क्रू आपोआप उलटा फिरू लागतो. गेरहार्ड युंकर यांनी 1969 मध्ये प्रयोगाने हेच दाखवले.

लक्षात ठेवा: दिलेल्या टॉर्कपैकी सुमारे 90 टक्के घर्षणात जातो. हाताला लागणारा घट्टपणा म्हणजे पकड नव्हे. स्क्रू लांब असून भोकाच्या तळाला टेकला, तरी हाताला तो घट्टच लागतो. पकड मात्र शून्य असते.

4. दुरुस्तीचा क्रम

(अ) आधी सुरक्षितता. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा. नळी सुरक्षित दिशेला ठेवा. शस्त्र अधिनियम, 1959 खाली शस्त्र बाळगायला परवाना लागतो, तसाच दुरुस्तीच्या व्यवसायालाही लागतो. म्हणून प्रत्यक्ष काम परवानाधारकाने किंवा परवानाधारक कारागिरानेच करावे.

(आ) दुर्बीण आणि रिंगा उतरवून खालची बैठक तपासा. दोष बहुधा तिथेच लपलेला असतो. वरच्या रिंगा आवळून तो जात नाही.

(इ) आटे आणि पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून तेल काढा. आटे झिजले असतील तर स्क्रू बदला. प्रत्येक स्क्रूची लांबी भोकाशी ताडून पाहा.

(ई) आट्यांवर मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा एकच थेंब लावा. सुकण्यापूर्वी तो वंगणाचे काम करतो आणि K कमी होतो. त्यामुळे टॉर्क उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे कमी करा.

(उ) आडव्या खाचांची पट्टी असेल तर माउंट नळीच्या तोंडाकडे ढकलून मग आवळा. रायफल मागे येते तेव्हा जडत्वामुळे दुर्बीण तिच्या तुलनेत पुढे जाऊ पाहते. खाचेची भिंत तिला आधीच टेकलेली हवी.

(ऊ) रिंगांचे स्क्रू तिरप्या क्रमाने, थोडे थोडे, टॉर्क-पान्याने आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा. जास्त आवळल्यास दुर्बिणीची ॲल्युमिनियमची नळी चेपते.

(ए) स्क्रूच्या डोक्यावरून बैठकीपर्यंत रंगाची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. सुरुवातीच्या काही फैरींनंतर खडबडीत पृष्ठभाग दबून प्रीलोड थोडा उतरतो, म्हणून रेघा पाहा आणि नेम पुन्हा जुळवा.

5. समारोप

लॅम्बटन यांनी ते वाकलेले वर्तुळ टाकून दिले नाही. सुमारे सहा आठवडे पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून त्यांनी ते हळूहळू मूळ आकाराच्या जवळ आणले. स्क्रू हे असे बल मोजून, थोडे थोडे देण्याचे साधन आहे. प्रयोगशाळेत पुढच्या वेळी पाना हातात घ्याल तेव्हा ‘किती जोर लावू?’ असे विचारू नका. ‘प्रीलोड किती हवा?’ असे विचारा.

स्वाध्याय

1. वरच्या उदाहरणात K = 0.15 झाल्यास एका स्क्रूतला प्रीलोड किती? (उत्तर: सुमारे 3333 न्यूटन)
2. रिंगांमधले अंतर 120 मिलिमीटर, सरकणे 0.06 मिलिमीटर. 200 मीटरवर चूक किती? (उत्तर: 10 सेंटिमीटर)
3. तळाला टेकलेल्या स्क्रूत टॉर्क असूनही पकड का नसते, ते आकृती काढून स्पष्ट करा.